ओव्हरक्वालिफाइडला 'अतिपात्र' म्हणावं का?

नाशिकच्या एका वाचक बाईंनी विचारलंय : "मी एम.एस्सी. आहे. मुलं शाळेत असतात तेवढ्या वेळात पार्ट टाइम काम शोधतेय. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात 'मॅडम, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात' म्हणून नकार मिळाला. आता दुसरीकडे मराठीत अर्ज द्यायचाय. त्यात 'अतिपात्र' लिहिलं तर चालेल का?"

अर्थ कळेल, पण लिहू नका. 'अतिसुंदर', 'अतिप्राचीन' यांत 'अति' नुसता जोर देतो. तोच माणसाच्या गुणाला चिकटला की टोमणा होतो : अतिशहाणा, अतिहुशार. 'मी अतिपात्र आहे' वाचून मालकाला आधी अतिशहाणाच आठवणार. शिवाय घाईत वाचलं तर 'अपात्र'!

मुळात 'पात्रता' हा उंबरठा आहे. सरकारी जाहिरातीत 'किमान शैक्षणिक अर्हता' दिलेली असते. ती ओलांडली की झालात पात्र, पुढे किती गेलात ते सहसा कोणी विचारत नाही. कधीकधी विचारतातही. एका बँकेच्या शिपाईपदासाठी पदवीधर नको अशी अट होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला, ते उघड झाल्यावर बँकेने त्याला नाकारलं आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. अशी अट मराठीत लिहितानाही आपण सरळ 'उमेदवार पदवीधर नसावा' असंच लिहू. (तेव्हा पदवी गाळून अर्ज करायचा मोह होत असेल, तर आवरा.)

बोलताना आपण काय म्हणतो? 'तुमचं शिक्षण जास्त आहे हो', 'हे काम तुमच्याजोगं नाही', 'शिक्षण आडवं येतंय'. यांत दोष शिक्षणाच्या माथी जातो, माणूस सुटतो. म्हणून मला ही वाक्यं कुठल्याही घडवलेल्या शब्दापेक्षा सरस वाटतात. 'नाकापेक्षा मोती जड' इथे वापरू नये. त्या म्हणीत हाताखालचा माणूस वरचढ झाल्याची तक्रार आहे, आणि तुम्ही तर अजून दुकानाची पायरीही चढलेल्या नाहीत.

दुकानदाराच्या मनात असतं ते वेगळंच : 'ही बाई टिकायची नाही. चांगली नोकरी लागली की जाईल.' उत्तर त्या शंकेला द्या. अर्जात असं लिहिता येईल : 'या कामाला लागतं त्यापेक्षा माझं शिक्षण जास्त आहे, याची मला कल्पना आहे. मला अकरा ते तीन एवढ्याच वेळेचं काम हवं आहे आणि वर्षभर तरी मी ते सोडणार नाही.' वर्षभराचं मात्र खरं असेल तरच लिहा.

जाता जाता : 'अर्धवेळ' हा एकच शब्द, तो तोडून लिहू नका. 'अंशकालीन' सरकारी कागदावर राहू द्या. दुकानात 'पार्ट टाइम' म्हटलेलंही चालतं.