लहानपणीच्या आवडींवरून समाधान देणारे करिअर शोधता येते का?

दहा वर्षे हिशेबतपासणीचे काम करूनही त्यात मन रमत नाही, तेव्हा लहानपणी शंख-शिंपले जमवण्याचा आणि चित्रे काढण्याचा जो छंद होता त्यातून नव्या करिअरची दिशा सापडेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सापडू शकते; मात्र त्यासाठी छंदाचे नाव बाजूला ठेवून, त्यात आपण प्रत्यक्ष काय करत होता हे आठवावे लागते. हा फरक कळायला मला सहा वर्षे लागली, म्हणून आधी थोडे स्वतःविषयी सांगतो.

लहानपणी मी सतत चित्रे काढत असे. मला चित्रकलेतच घालावे असे घरी सगळे म्हणत, मलाही ते पटले आणि पुढे मी जाहिरातींची मांडणी करणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली. काम वाईट नव्हते, सहकारीही चांगले होते, तरी संध्याकाळी दिवस वाया गेल्यासारखे वाटे आणि त्याचे कारण उमगत नसे. मग एकदा घर आवरताना जुन्या वह्या हाती लागल्या. त्यांत एकही निसर्गचित्र नव्हते. उघडलेले घड्याळ, सायकलची साखळी, पाण्याचा नळ अशीच चित्रे होती, आणि प्रत्येक भागाला बाण, क्रमांक व शेजारी ‘हे फिरले की ते फिरते’ अशा धर्तीची वाक्ये. एखादी वस्तू कशी चालते हे दुसऱ्याला समजावून सांगण्याची मला ओढ होती. चित्र हे त्या वयात हाताशी असलेले साधन होते. आज मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो आणि त्या कामात मला वेळेचे भान राहत नाही.

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांचे उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. कोंबडी अंडे कसे घालते हे पाहण्यासाठी त्या अगदी लहान असताना कित्येक तास खुराड्यात लपून बसल्या होत्या आणि घरचे त्यांना सगळीकडे शोधत होते. १९६० मध्ये पूर्व आफ्रिकेतील गोंबेच्या जंगलात त्या चिंपांझींच्या निरीक्षणासाठी गेल्या, तेव्हा प्राणी बदलला होता, परंतु हालचाल न करता, धीर धरून पाहत राहणे तेच होते. आणि वारुळातून वाळवी काढण्यासाठी चिंपांझी गवताच्या काडीचा उपयोग करतात, हे त्याच वर्षी त्यांना दिसले. या दोन प्रसंगांच्या मधली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, आणि ती आपल्यासाठी अधिक मोलाची आहे. त्यांनी सचिवाच्या कामाचे शिक्षण घेतले होते, आणि १९५७ मध्ये केनियाला गेल्यावर आदिमानवाचे अभ्यासक लुई लीकी यांनी त्यांना प्रथम सचिव म्हणूनच कामावर घेतले. म्हणून आपली दहा वर्षांची हिशेबतपासणीही वाया गेली असे कृपया समजू नका.

आता आपले शंख-शिंपले. किनाऱ्यावर भटकण्यात आनंद होता, की घरी आल्यावर ते आकार-रंगांप्रमाणे डब्यांत लावण्यात, की त्यांची नावे शोधण्यात, की पाहुण्यांना दाखवण्यात? लावण्यात असेल, तर संग्रहालयातील वस्तूंच्या नोंदी, अभिलेखागार किंवा माहितीचे वर्गीकरण ही कामे जवळची ठरतील आणि तिथे हिशेबातली काटेकोर नजर उपयोगी पडेल. भटकण्यात असेल, तर तेच काम काही महिन्यांत पुन्हा कंटाळवाणे होईल. भावंडांनाही विचारून पाहा, कारण स्वतःच्या बालपणाची आठवण आपण नकळत सोयीची करून घेतो.

एक धोका सांगितलाच पाहिजे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केले होते ती मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. मोबदला आला की प्रत्येकाची आवड मरते असा याचा अर्थ नाही. पण एखादा छंद केवळ आपल्यापुरता राहावा असे मनातून वाटत असेल, तर त्याला पोटापाण्याच्या कामाला जुंपू नये. आपल्या चित्रांबाबत मला तीच शंका येते, कारण त्यांचा उल्लेख आपण ‘कुणाला दाखवली नाहीत’ असा केला आहे.

तेव्हा नोकरी एवढ्यात सोडू नका. तीन-चार महिने सुट्टीच्या दिवशी एखाद्या छोट्या संग्रहाच्या नोंदी करून पाहा, आणि नवेपणा ओसरल्यावर, दोनशेवी नोंद पहिल्याच नोंदीसारखी दिसू लागल्यावरही पुढचा डबा उघडावासा वाटतो का, एवढे पाहा.