समुद्राजवळच्या घरी विद्युत मोटारीसाठी कोणता चार्जर बसवावा?

गुहागरजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आपले घर आहे, विद्युत मोटार लवकरच दारात येणार आहे आणि घरी बसवायला कोणता चार्जर सुरक्षित व टिकाऊ ठरेल, असे आपण विचारले आहे. मी याच पट्ट्यात वायरिंगची कामे करतो आणि कंपनी निवडण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्या, असे आपल्याला आग्रहाने सांगेन.

आपल्याकडे मातीचा थर पातळ आणि खाली जांभा, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम दिसणारे अर्थिंग उन्हाळ्यात जमीन वाळली की ढेपाळते. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी एप्रिल-मे महिन्यांत करावी आणि रोध 5 ओहमच्या आत येत नसेल तर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून चार्जरसाठी नवे अर्थिंग करून घ्यावे. अर्थिंग मिळाले नाही की बहुतेक चार्जर लाल दिवा लावून थांबतात. अशा वेळी काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एकत्र जोडून चार्जर सुरू करून देतात. हे कृपा करून कधीही करू देऊ नका. वादळात न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात थेट वीज उतरते आणि ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

त्यानंतर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच आपोआप पडून पुरवठा तोडणारी कळ. घरात सहसा एसी प्रकारची बसवलेली असते. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) गळती झाली तर ही आरसीसीबी वेळेवर पडेलच याचा भरवसा नसतो. आरसीसीबीच्या दर्शनी भागावरच्या छोट्या चौकटीत नुसती एक नागमोडी रेघ असेल तर ती एसी प्रकारची, आणि त्या रेघेखाली तुटक अर्धलहरीही असतील तर ए प्रकारची समजावी. चार्जरमध्ये 6 मिलिअँपियरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर 30 मिलिअँपियरची ए प्रकारची पुरते, नसेल तर महाग असली तरी बी प्रकारचीच घ्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसातील विजा लक्षात घेता विजेच्या दाबाचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टरही बसवावा.

चार्जरची क्षमता गाडी पाहून ठरवा. गाडीतील ऑनबोर्ड चार्जर (बॅटरी प्रत्यक्ष भरणारा, गाडीतच बसवलेला भाग) 3.3 किलोवॅटचा असेल तर भिंतीवर 7.2 किलोवॅटचा डबा लावून चार्जिंग लवकर होत नाही. 3.3 किलोवॅटवर 40 युनिटची बॅटरी पूर्ण भरायला बारा-तेरा तास लागतात, आणि रोजच्या फिरण्यापुरते चार्जिंग रात्रीतून सहज होते. मात्र गाडीसोबत आलेला चार्जर घरातल्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नये, कारण तासन्‌तास पूर्ण भाराने पिन तापून सॉकेट काळे पडते. त्यासाठी निळा औद्योगिक सॉकेट आणि मीटरपासून स्वतंत्र तार ओढावी. 7.2 किलोवॅटसाठी तार किमान 6 चौरस मिलिमीटर तांब्याची हवी, अंतर लांब असल्यास 10 ची. हा चार्जर एकटाच 31 अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणून महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळावी. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या टोकांवर हिरवट कीट चढते, जोड सैल होतात आणि तापू लागतात. त्यामुळे आयपी 65 दर्जाचा (धूळ व पाण्याचे फवारे आत न येऊ देणारा) डबा, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि तारांच्या टोकांना लावायचे, कथिलाचा मुलामा दिलेले लग घ्यावेत. केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत न्यावी, कारण उघड्या भोकातून पाली आणि मुंग्या शिरून सर्किट बिघडवतात.

एवढी तयारी झाल्यावर आयएस 17017 या चार्जरसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी झालेला आणि दुरुस्तीचा माणूस चिपळूण किंवा रत्नागिरीहून घरी येईल असा चार्जर घ्यावा. दुकानदाराकडून ही सेवा बिलावर लिहून घ्या.