'शमित अव्यवस्था' की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूंवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना 'क्वेंच्ड डिसऑर्डर'साठी (म्हणजे अणूंच्या रांगेत जागच्या जागी अडकून राहिलेल्या दोषांसाठी) 'शमित अव्यवस्था' लिहिलं, संपादकांनी त्याभोवती लाल गोल काढला. दुसरा शब्द सुचवाल का?

मी संपादकांच्या बाजूचा आहे. शमन तहानेचं होतं, आगीचं होतं, फार तर रागाचं. इथला 'क्वेंच' मुळात लोहाराच्या भात्याजवळचा, आणि त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: पाणी देणं, पाणी पाजणं. लालभडक कोयता भट्टीतून काढून चर्र करून पाण्यात बुडवतात, ते. धातू तापलेला असताना अणूंना जागा बदलायला सवड असते. झटक्यात थंड केला की ज्याला जिथे गाठलं तिथेच तो अडकतो.

'अव्यवस्था'ही नको. 'लग्नात पाहुण्यांची अव्यवस्था झाली' म्हटलं की कुणाची तरी चूक असते, कुणीतरी रुसतं. 'विकार' तर वैद्यांचा. इथे मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो पंगतीवरून चटकन कळतो.

निटिनॉल घ्या. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मे-निम्मे. नावातलं शेवटचं 'नॉल' अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं. गरम असताना टायटॅनियमच्या आठ अणूंच्या घनाच्या मधोमध निकेलचा एक अणू, आणि निकेलच्या घनात टायटॅनियमचा. प्रत्येकाचा पाट ठरलेला. थंड होताना पंगतच्या पंगत एकदम तिरकी सरकते, पण कुणी पाट सोडत नाही, कुणाचा शेजारी बदलत नाही. म्हणून तर वाकवलेली तार तापवल्यावर मूळ आकारात परत येऊ शकते. धातुशास्त्रज्ञ अशा बदलाला 'लष्करी' म्हणतात, कवायतीसारखा. अणू एकेकटे भटकून जो घडवतात तो 'नागरी'. (परिभाषा करणारे लोक कधीकधी फार छान बोलून जातात.)

आता निकेल किंचित जास्त झालं तर? जादा अणू टायटॅनियमच्या पाटावर जाऊन बसतात. निकेलचा अणू अंगाने लहान, त्यामुळे आजूबाजूची रांग वाकते. निम्म्याच्या वर ०.१ टक्का निकेल वाढलं तरी रूपांतराचं, म्हणजे ही कवायत सुरू होण्याचं, तापमान दहाएक अंशांनी उतरतं. बरोबर ५० टक्क्यांना ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ५१ टक्क्यांना शून्याच्या बरंच खाली. ५१.५ टक्क्यांना, म्हणजे शंभरात जेमतेम दीड अणू चुकीच्या पाटावर असताना, कितीही थंड करा, कवायत होतच नाही. सरकार, रेन आणि ओत्सुका यांनी २००५ मध्ये दाखवलं की अशा धातूत बारीक बारीक टापू आपापल्या दिशेला तिरके होऊन तिथेच अडकतात. सगळी पंगत एका बाजूला कधी झुकत नाही. याला 'स्ट्रेन ग्लास' म्हणतात. पाठ्यपुस्तकातला 'स्ट्रेन' म्हणजे विकृती, तेव्हा 'विकृती-काच' म्हणता येईल. 'विकृत काच' मात्र कृपा करून लिहू नका.

या दीड अणूमुळेच मला 'क्रमहीनता' किंवा 'अक्रम' पटत नाही. क्रम आहे, तो अधूनमधून चुकला आहे. त्यासाठी आपल्याकडे 'भंग' आहे. ओळीत एक मात्रा कमी पडली तर वृत्तभंग होतो, पण कविता गद्य होत नाही. म्हणून 'क्रमभंग'.

राहिलं 'क्वेंच्ड'. हाच धातू ४०० ते ५०० अंशांवर बराच वेळ ठेवला तर जादा निकेल टायटॅनियमला घेऊन वेगळी चूल मांडतं, त्याचे बारीक कण होतात. उरलेल्या पंगतीतलं निकेल घटतं आणि रूपांतराचं तापमान पुन्हा वर चढतं. पाणी दिलं की ही पळवाट बंद. तरी 'पाणी पाजलेला क्रमभंग' लिहायचा मोह मी आवरला, कारण वाचकाला वाटेल कुणीतरी कुणाला हरवलं. शिवाय पाण्याचा थेंबही न लागलेल्या पदार्थांबद्दलही पदार्थवैज्ञानिक 'क्वेंच्ड'च म्हणतात; अर्थ एवढाच, की रूपांतर चालू असताना हे दोष जागचे हलत नाहीत. 'थिजलेला' जवळ येतो, पण थिजलेलं तूप हाताच्या उबेनेही सुटतं. 'रुतलेला' मला आवडतो. रुतलेला काटा आपणहून निघत नाही, आणि भोवतालची जागाही ताणून ठेवतो.

तेव्हा तुमचं वाक्य असं करून पाहा: 'रुतलेला क्रमभंग वाढत गेला की रूपांतराचं तापमान उतरत जातं आणि एका मर्यादेनंतर रूपांतर थांबतंच.' पहिल्यांदा वापराल तिथे शेजारी 'क्वेंच्ड डिसऑर्डर' लिहा, पुढे गरज नाही. आणि मुद्रितं तपासताना 'क्रमभंगा'चा 'भ्रमभंग' झालेला नाही ना, तेवढं बघा.