बैठकीत पहिलं तू बोल

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा संपायला दोन वर्षं उरली, अपंगत्व सांभाळून पुढे काय यावर घरचे आणि शिक्षक सारखे बोलत असतात, 'पण मला कुणी विचारत नाही' असं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. मला तीच ओळ जास्त महत्त्वाची वाटली.

माझी एक चूक सांगतो. माझा एक विद्यार्थी अडखळत बोलायचा. त्याच्या पुढच्या शिक्षणाच्या बैठकीत वेळ वाचावा म्हणून त्याची वाक्यं मीच पुरी करत गेलो. बैठक छान झाली. महाविद्यालयात परीक्षेला जादा वेळ मागायची पाळी आली, तेव्हा मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मागायची सवय आम्ही त्याला लागूच दिली नव्हती.

शाळेत तुझ्या सोयी बघणारी माणसं तुला वर्षानुवर्षं ओळखतात. बाहेर तसं नसतं. अमेरिकेचंच बघ. तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार मुलाच्या गरजा शोधणं हे शाळेचं काम, आणि मूल १६ वर्षांचं होईपर्यंत शाळेनंतरच्या आयुष्याची लेखी योजना तयार लागते. पण शालान्त पदवी हातात पडली की तो कायदा मागे राहतो; महाविद्यालयात आपली अडचण विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायची असते. इतका शिस्तीचा कायदा असूनही ही वेळ येतेच.

म्हणून आतापासून एक पान लिहायला घे. त्यात नुसतं निदानाचं नाव नको. 'मला डिस्लेक्सिया आहे' एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही. 'छापील उतारा वाचायला मला दुप्पट वेळ लागतो, संगणकाने वाचून दाखवला तर लगेच समजतो' असं लिहिलं की काय करायचं ते त्याला कळतं. कशाने अडतं, कशाने सुटतं, एवढंच लिही. मग ते पान तुला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखव. पहिल्यांदा आवाज कापेल, कापू दे.

यात उपकार मागतोय असं वाटून घ्यायचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारात वाजवी सोय, म्हणजे परीक्षेला जादा वेळ यासारखी गरजेपुरती व्यवस्था, नाकारणं हाही भेदभावच मानला आहे. निर्णय घेताना मदत लागली तरी निर्णय आपलाच राहतो, हेही त्यात आहे. हे घरच्यांनाही वाचून दाखव. ते रागावतील, मग विचार करतील.

कागदांचं थोडक्यात: तपासणीचा अहवाल किती जुना चालेल, हे जिथे जायचं तिथेच आधी विचार. लेखनिक घ्यायचा असेल तर त्याच्याबरोबर सराव परीक्षेआधी कितीतरी महिने सुरू झाला पाहिजे. उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे.

आणि पुढे जिथे शिकायचं ती जागा बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस. आम्ही एकदा तसेच गेलो आणि चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार बघून खूश होऊन परतलो. वर्ग सुरू झाल्यावर कळलं, उताराच्या टोकाचं दार इतकं जड की चाकाच्या खुर्चीतून ते उघडतच नाही. गर्दीच्या वेळी, रोज ज्या वाहनाने जाणार त्यानेच जा. सोबत कुणी आलंच तर त्याला दहा पावलं मागे ठेव.

पुढच्या बैठकीची तारीख कळव. पहिली पाच मिनिटं तुझी, असं मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेव. मी नाही सांगणार. पान मात्र त्याआधी मला पाठव.