‘द हार्प’ कुठे गेलं?

प्रश्न : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांचं ‘द हार्प’ हे शिल्प फक्त फोटोंतच दिसतं. मूळ शिल्प कोणत्या संग्रहालयात आहे?

उत्तर : कुठल्याच नाही. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेलं हे १६ फुटी शिल्प प्लास्टरचं होतं. वरून बेसॉल्टसारखा काळा रंग. उतरत्या उंचीचे १२ गायक म्हणजे हार्प या तंतुवाद्याच्या तारा. मेळा संपला. शिल्प ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, म्हणून ते पाडून टाकलं.

शिल्पकामात प्लास्टर हा मधला टप्पा. आधी माती, मातीवरून साचा, साच्यात प्लास्टर. ब्राँझ करायचं तर प्लास्टरवरून पुन्हा साचा घ्यायचा, त्यात मेणाचा पातळ थर द्यायचा, त्याभोवती उष्णता सोसणारं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा धातुरस ओतायचा. एवढं मोठं शिल्प तुकड्यांत ओतून जोडावं लागतं. प्रत्येक टप्प्याची मजुरी वेगळी. प्लास्टर तसंच उघड्यावर ठेवलं तर पाणी शोषतं, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि तडे जातात.

१९२३ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या उन्हाळी कलाशाळेसाठी सॅव्हेज यांना केवळ कृष्णवर्णीय म्हणून नाकारलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आमच्या मते ओतकामाच्या खर्चाने केलेलं नुकसान त्याहून मोठं आहे. प्रवेश नाकारला तरी त्या घडवत राहिल्या. पाडलेलं शिल्प मात्र परत येत नाही. त्यांचं गाजलेलं ‘गॅमिन’ हे मुलाचं शिल्पसुद्धा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे ते रंगवलेल्या प्लास्टरमध्येच.

प्रश्न : अमेरिकन चित्रकार जेकब लॉरेन्स यांच्या, दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांवरच्या स्थलांतर-मालिकेतल्या ६० चित्रांत रंगछटा इतक्या सारख्या कशा?

उत्तर : त्यांनी चित्रं एकेक करून रंगवलीच नाहीत. १९४०-४१ मध्ये १२ बाय १८ इंचांचे हार्डबोर्ड एकत्र मांडले. अस्तर द्यायला चित्रकार ग्वेंडोलिन नाइट मदतीला होत्या. मग एक रंग घेऊन तो सगळ्या फळ्यांवर लावायचा आणि नंतर पुढचा, गडदाकडून फिक्याकडे. केसीन टेम्परा, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेला रंग, झटकन वाळतो आणि वाळल्यावर छटा बदलते. तोच रंग पुन्हा कालवला तर जुळवणं कठीण जातं. इतक्या फळ्या पसरायला जागा लागते, ती रोझेनवॉल्ड फेलोशिपच्या पैशांमुळे परवडली.

मालिका सलग पाहायची असेल तर एक अडचण आहे. सम क्रमांकांची ३० चित्रं न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयाकडे आहेत आणि विषम क्रमांकांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयाकडे.