घरी केलेल्या खाऊने कुत्र्याचं वजन वाढतं का?

हो, वाढतं. घरचा खाऊ म्हणजे हलका खाऊ, हा समज काढून टाका. दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. नसबंदी झालेल्या, १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला साधारण ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी उरतात फक्त ६०. पीनट बटरचा एक मोठा चमचाच ९०च्या पुढे जातो! त्यात कणीक, अंडं, तेल मिसळून बिस्किटं भाजली की ती किती जड होतात ते दिसतच नाही. विकतच्या पाकिटावर अनेकदा निदान कॅलरींचा आकडा तरी छापलेला असतो.

म्हणून सगळ्या साहित्याच्या कॅलरींची बेरीज करा आणि तिला बिस्किटांच्या संख्येने भागा. तुकडे नखाएवढेच करा. कुत्र्याला तुकडा मिळाल्याचा आनंद असतो, आकाराचा नाही, हे खरंच करून बघा. गाजर किंवा उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी उत्तम. खाऊ दिला त्या दिवशी जेवण तेवढं कमी करा. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) लिहिलेलं नाही ना, हे आधी वाचा. ते कुत्र्यांसाठी विष आहे. मनुके, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेटही नको.

वजन वाढलंय का हे बघायला बरगड्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता त्या बोटांना लागायला हव्यात. खाऊ कमी करूनही वजन वाढतच असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.