घरी केलेला कामठा मधोमध का मोडला?

प्रश्न : आमच्या आजोबांकडे बांबूचा तिरकमठा होता. शेतात ससे फार येतात, म्हणून शिकारीसाठी तसाच एक घरी करावा असे मनात आले. बांधावरचा हिरवा बांबू तोडून, चिरून, वरची साल खरवडून मी चार फुटांचा कामठा तयार केला; परंतु पाच-सहा वेळा ताणताच तो मधोमध मोडला. चूक कोठे झाली?
— एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : आधी शिकारीविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे, शिकारीचा प्रयत्नही शिकारच मानला जातो आणि त्या कायद्यातील शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे पिकासाठी कुंपण करावे आणि कामठा नेमबाजीसाठीच करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बांबू तुमच्या स्वतःच्या बांधावरचा असल्याने तोडण्याची अडचण नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन अधिनियमात ‘वृक्ष’ राहिलेला नाही.

तुमची मुख्य चूक साल खरवडण्यात झाली. कामठा ओढला की त्याची नेमाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. बांबूचे सर्वांत दाट आणि चिवट तंतू सालीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे साल नेहमी पाठीला ठेवावी, तिच्यावर कोयता फिरवू नये, गाठीसुद्धा बाहेरून सपाट करू नयेत. जी काही तासणी करायची ती आतल्या बाजूनेच करावी. शिवाय चार फूट लांबी प्रौढ माणसाला अपुरी आहे. तीर 70 सेंटिमीटर ओढायचा असेल, तर कामठा निदान 165 ते 170 सेंटिमीटरचा हवा.

बांबूचे वय जाडीवरून ठरवू नये, कारण कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची आणि जाडी गाठतो, पक्का मात्र तीन-चार वर्षांनी होतो. असा पक्का बांबू, शक्यतो भरीव मानवेल, थंडीत तोडून चिरावा आणि त्याच्या कांबी दोन-तीन महिने सावलीत वाळू द्याव्यात.

यापुढचे काम संयमाचे आहे, आणि बहुतेक कामठे येथेच घाईने वाया जातात. मध्यभाग मुठीसाठी जाड ठेवून दोन्ही बाजू टोकांकडे निमुळत्या कराव्यात, मग सैल दोरी लावून अगदी थोडा वाक द्यावा आणि दुरून पाहावे. जेथे कांब ताठ राहते तेथे पोटाकडून हलकेच तासावे. जेथे ती जास्त वाकते त्या जागेला मुळीच हात लावू नये. प्रत्येक तासणीनंतर वीस-पंचवीस वेळा थोडेसे वाकवून पुन्हा पाहावे आणि दोन्ही बाजू सारख्या वाकल्याशिवाय पुढे ओढू नये. पहिल्या कामठ्याला दहा-बारा किलोंचा ताण पुरेसा आहे.

दोरीसाठी नायलॉन घेऊ नये, तो लांबतो. पॉलिस्टरचा पीळदार दोरा चांगला. तुमच्या सातपुड्यात दोरीऐवजी बांबूचीच चिवट पट्टी लावण्याची रीत आहे. ती पट्टी कशी काढतात आणि टोकाला कशी बांधतात, हे गावातील जाणत्यांकडून प्रत्यक्ष पाहून शिकावे. दोरी चढवल्यावर मुठीपासून सुमारे 15 सेंटिमीटर, म्हणजे अंगठा उभा केलेल्या मुठीएवढी, दूर असावी. तीर न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण तीर घेऊन जाणारा सगळा जोर तेव्हा कांबीतच जिरतो आणि ती तडकते. काम झाले की दोरी उतरवून ठेवावी.